सोडून द्यायचा चेंडू

लेओकादियो हॉजच्या बेसबॉलविषयी तक्रार करायची, तर आधी त्याची स्तुती करावी लागे, आणि त्याच्या बाबतीतली मुख्य अडचण हीच होती. मध्य मैदानात तो उभा असला की डावीकडचा आणि उजवीकडचा क्षेत्ररक्षक निर्धास्त असत. बॅटवर चेंडू बसल्याचा आवाज आपल्या कानी पुरता पोहोचण्याआधी कादियो पाठ फिरवून धावत सुटलेला असे, आणि चेंडू जेथे उतरायचा तेथे आधीच जाऊन त्याची वाट पाहत असे. कुंपणाजवळून त्याने फेकलेला चेंडू टप्पा न घेता कॅचरच्या हाती येई. बॅटचे म्हणाल, तर मनाजोगा चेंडू मिळाला की तो स्टेडियमच्या भिंतीपलीकडच्या टायरच्या दुकानावर जाऊन आदळे. दुकानदाराने दोनदा तक्रार केली, आणि तिसऱ्यांदा पत्र्यावर कादियोचे नाव रंगवून घेतले.

एवढे असून तो बेसवर पोहोचत नसे.

पिचरने टाकलेले चार वाईट चेंडू फलंदाजाने न छेडता जाऊ दिले, तर पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला टप्पा, त्याला फुकट मिळतो. हा नियम कादियोला ठाऊक होता. तो आपल्यालाही लागू आहे असे मात्र त्याला कधी वाटले नसावे. पायाशी आपटणारा, कानावरून जाणारा, हात लांब करूनही न पोहोचणारा, असा प्रत्येक चेंडू आपल्यासाठीच टाकला आहे अशा श्रद्धेने तो बॅट फिरवी. लीगमधल्या पिचरांना हे कळून चुकले होते. चांगला चेंडू टाकण्याचे कष्ट त्याच्यापुरते कोणी घेत नसे. तीन फटके हुकले की बाद, तसा तीनदा हवेत बॅट फिरवून तो परत येई, बॅट खांद्यावर आणि चेहरा शांत, जणू चूक चेंडूकडून झाली होती.

त्या हिवाळ्यात मी आमच्या संघाचा फलंदाजीचा प्रशिक्षक होतो. त्याआधी तारुण्यातली बरीच वर्षे साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये लेथवर गेली होती, आणि राजधानीच्या तंत्रविद्यालयात लागलेली एक सवय सुटली नव्हती: बिघाड दिसला की तो कोठून सुरू होतो ते प्रथम शोधायचे, हातोडा नंतर उचलायचा. कादियोवर सर्वांनी हातोडाच चालवला होता. एका अमेरिकन क्लबने त्याला कोवळ्या वयात करारावर नेले, चार गावांतून फिरवले, ओरडून पाहिले आणि परत पाठवले. आता तो सव्वीस वर्षांचा होता. या वयात पुन्हा कोणी विचारीत नाही.

विचारले ते उबाल्दो पेगेरोने. हा पूर्वी माझ्याच हाताखाली खेळलेला कॅचर. आता दुसऱ्या एका अमेरिकन क्लबसाठी खेळाडू हेरत असे. सरावाच्या वेळी तो माझ्या शेजारी कॉफी घेऊन बसला आणि मध्य मैदानाकडे पाहत राहिला.

“मास्तर, हा पोरगा मला आवडतो.”

“सगळ्यांना आवडतो.”

“तिथल्या ऑफिसात नाही आवडत. तिथं आता नवीन लोक बसलेत. पूर्वी विचारायचे, किती लांब मारतो. आता एकच विचारतात, बेसवर किती वेळा पोचतो.”

“मध्य मैदानात तो किती धावा वाचवतो ते सांग की त्यांना.”

“सांगितलं ना. म्हणाले, वा, छान. आणि बेसवर?” उबाल्दोने कॉफीचा गाळ जमिनीवर ओतला. “वसंतातल्या सराव शिबिराला मी एक नाव पाठवू शकतो. एकच. मोसम संपेस्तोवर मी येत राहीन. मला त्याचे होम रन नकोत, ते मी पोटभर बघितलेत. तो चेंडू सोडतोय, एवढं मला दिसू द्या.”

मी त्याला शब्द दिला. खेळाडूच्या वतीने प्रशिक्षकाने असा शब्द देऊ नये हे मला कळत होते. पण इतके चांगले यंत्र एका खिळ्यापायी भंगारात जावे हे मला पाहवत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी कादियोच्या हातून बॅट काढून घेतली. पिचर सराव करीत त्या पट्टीवर त्याला उभे केले आणि सांगितले, हलायचे नाही. चेंडू येताना फक्त ‘हो’ किंवा ‘नको’ म्हणायचे. माझा कयास असा की त्याला चांगल्या-वाईट चेंडूतला फरकच दिसत नाही, म्हणजे दोष डोळ्यांचा आहे. तासाभराने माझा कयास पार मोडीत निघाला. तो एकदाही चुकला नाही. चेंडू पिचरच्या बोटांतून सुटताक्षणी तो ‘नको’ म्हणे, आणि मागे बसलेला आमचा कॅचर नेपोमुसेनो तोंडात बोट घाले.

“अरे, तुला एवढं दिसतंय,” मी म्हणालो, “तर मग मारतोस कशाला?”

कादियोने बुटाने माती उकरली. “मास्तर, ओळखायचं काही नाही. उभं राहायची लाज वाटते.”

“कसली लाज?”

“रविवारी वस्तीवर या. मग कळेल.”

कादियोची वस्ती म्हणजे उसाच्या फडांच्या मधोमध असलेल्या, कारखान्याने बांधलेल्या चाळी. रविवारी दुपारी तेथे ऊसतोडीच्या माणसांचा सामना चालू होता. एका धिप्पाड गड्याने लागोपाठ दोन बाहेरचे चेंडू सोडले, तेही अगदी रास्तपणे. रेषेजवळ कढई मांडून तळण विकणारी बाई कढईतून नजरही न काढता म्हणाली, “उभंच राहायचं तर चर्चच्या दारात जाऊन उभा रहा, बाबा. चार पैसे तरी पडतील.”

“बॅट भाड्याची आहे त्याची,” दुसरी म्हणाली. “झिजेल म्हणून जपतोय.”

तिसऱ्या चेंडूला, जो त्याच्या गुडघ्याखालून गेला, त्या गड्याने जिवाच्या आकांताने बॅट फिरवली, आणि सगळी वस्ती समाधानाने हसली. मला बिघाडाचे मूळ सापडले, पण ते माझ्या पाना-पक्कडीत येईल असे नव्हते. या वस्तीतून जे जे अमेरिकेला गेले ते मारून गेले. ज्यांनी सोडले, त्यांच्याकडे खेळाडू हेरायला मोटारीतून आलेल्या कोणीही काच खाली करून पाहिले नाही. इतक्या वर्षांत त्यांनी यातून जो धडा घ्यायचा तोच घेतला होता.

अडचणीतून वाट काढली ती कादियोच्या एझेकिएलकाकांनी, आणि तीही नकळत. हे त्याच्या आजोबांचे धाकटे भाऊ. वय ऐंशीच्या पुढे, अंगात इस्त्रीचा पांढरा सदरा. त्यांचे वडील शेजारच्या, इंग्रजांच्या ताब्यातल्या बेटावरून ऊस तोडायला आले, आणि येताना क्रिकेट घेऊन आले. काका दारात खुर्ची टाकून बसले होते. मी सहज म्हणालो की सोडण्याची एवढी लाज मी कोठे पाहिली नाही.

“आमच्या म्हाताऱ्याला नव्हती,” काका म्हणाले. “त्याच्या पाठीमागे तीन काठ्या असायच्या. त्या राखायच्या, बस. बाहेरचा चेंडू आला की बॅट उचलायची आणि जाऊ द्यायचा. अख्खी दुपार. टाकणारा रडकुंडीला यायचा. शिव्या द्यायचा. आमचा म्हातारा टोपी काढून त्याला नमस्कार करायचा.”

“आणि लोक?” कादियोने विचारले.

“लोक टाळ्या वाजवायचे. चेंडू सोडला की टाळ्या. आता तुम्हा लोकांना सांगून पटायचं नाही.”

कादियो बस थांब्यापर्यंत मला सोडायला आला तेव्हा म्हणाला, “म्हणजे मास्तर, सोडलं की टाकणाऱ्याला लागतं.”

“लागतं तर. चांगलंच लागतं.”

“मग ते पण मारणंच झालं.”

“तसं समज,” मी म्हणालो. व्याख्या चुकीची होती, पण चालणारी होती, आणि चालणाऱ्या यंत्रात मी हात घालीत नाही.

त्यानंतरच्या आठवड्यांत त्याने खरोखरच चेंडू सोडले. पहिल्यांदा फुकटचा बेस मिळाला तेव्हा हातातल्या बॅटचे काय करायचे हे त्याला कळेना. अर्ध्या वाटेपर्यंत तो ती घेऊनच गेला आणि मग अंपायरने हाक मारली. आमच्या बाकावर हसण्याची लाट उसळली. “कादियो, ताप-बिप आहे का रे?” नेपोमुसेनो ओरडला. “नाहीतर डॉक्टरला दाखवू.” कादियोने पहिल्या बेसवरून त्याला टोपी काढून नमस्कार केला.

पिचर गोंधळले. वाईट चेंडू टाकावा तर तो घेईना. चांगला टाकावा तर टायरच्या दुकानाचा पत्रा वाजे. उबाल्दो तिसऱ्या बेसच्या बाजूला, वरून चौथ्या ओळीत, नेहमी एकटा बसे. शेवटच्या रविवारच्या आधी तो मला भेटला आणि म्हणाला, “मास्तर, मला वाटलं नव्हतं. आता एवढा एक सामना बघतो आणि नाव पाठवतो. सोमवारी फोन करतो.”

“आजच कर की.”

“सोमवारी. घाईनं आधी एकदा तोंडघशी पडलोय.”

तो रविवारचा सामना आम्हाला जिंकणे भाग होते. हरलो असतो तर मोसम तेथेच संपला असता. दुपारी चारला वस्तीची माणसे कारखान्याच्या ट्रकमधून आली, ढोल घेऊन, पत्र्याचे डबे घेऊन, आणि ट्रकच्या मधोमध खुर्चीवर बसवलेले एझेकिएलकाका घेऊन. तळण विकणारी ती बाईही आली होती. कादियोने तिसऱ्या डावात चार चेंडू सोडून फुकटचा बेस घेतला. वस्तीच्या बाजूने त्या बाईचा आवाज आला, “कादियो, तुझं चालणं आम्ही रोजच बघतो रे. त्याला ट्रक कशाला करायला पाहिजे होता?”

मला ते आवडले नाही. मी कादियोकडे पाहिले. तो बेसवर उभा राहून हसत होता, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. नंतर सहाव्या डावात कुंपणावर पाय रोवून त्याने पलीकडे चाललेला एक होम रन हवेतच अडवला, तेव्हा ढोल असा वाजला की अंपायरला खेळ थांबवावा लागला. सगळे जागच्या जागी आले असे मला वाटले.

नववा, शेवटचा डाव. धावा बरोबरीत. आमचे दोघे बाद झाले होते, तिसरा बाद झाला की डाव संपणार होता, आणि तिसऱ्या बेसवर आमचा माणूस उभा होता. तो घरी, म्हणजे फलंदाजाच्या पायाशी असलेल्या शेवटच्या बेसवर, आला की सामना आमचा. फलंदाज कादियो. त्याच्यानंतर नेपोमुसेनो येणार होता, आणि नेपोमुसेनोच्या बॅटिंगबद्दल त्याच्या आईलाही आशा नव्हती.

प्रतिस्पर्धी संघाच्या व्यवस्थापकाने बाकावरून चार बोटे वर केली. त्यांचा कॅचर उभा राहिला, बाजूला सरकला आणि त्याने हात लांब केला. जाणूनबुजून चार चेंडू दूर टाकायचे, कादियोला पहिला बेस देऊन टाकायचा आणि नेपोमुसेनोला गाठायचे, असा हा साधा हिशेब. कादियोच्या आयुष्यात हे प्रथमच घडत होते. पूर्वी त्याला असा बेस देण्याची कोणाला गरजच पडली नव्हती. चार वाईट चेंडू टाकले की तो त्यांवर बॅट फिरवून आपणहून बाद होई. आता तो सोडायला शिकला होता, म्हणून त्याला हा मान मिळत होता.

कित्येक आठवड्यांनी मी बाकाला पाठ टेकली. उबाल्दो पाहत होता, आणि त्याच्या डोळ्यांदेखत कादियोला एक बेस अक्षरशः वाढून दिला जात होता. अशा वेळी फलंदाजाला कसलीही खूण द्यायची पद्धत नाही. खूण द्यायची ती काय? उभा रहा, ही?

पहिला चेंडू दूर. दुसरा दूर. “घाबरले, घाबरले,” वस्तीच्या बायका गाऊ लागल्या. ढोलाने ताल धरला. इथपर्यंत सगळे पिचरला बोलत होते. तिसरा चेंडूही दूर गेला आणि ढोल थांबला. त्या शांततेत कोणीतरी, कोण ते मला शेवटपर्यंत कळले नाही, अगदी घरगुती आवाजात म्हणाले, “चल रे कादियो, आवर. ट्रकवाला खोळंबलाय.”

कादियोची मान कानापर्यंत लाल झालेली मी पाहिली, आणि उठून उभा राहिलो.

पिचरही माणूसच, तीन चेंडू टाकून तो कंटाळला होता. चौथा त्याने हलकेच सोडला, कॅचरच्या हातापेक्षा थोडा अलीकडे. कादियोने उजवा पाय जागच्या जागी दाबला, डावा पुढे टाकला, सगळे अंग लांब केले आणि बॅटच्या टोकाने तो चेंडू उचलला. त्यांचा दुसऱ्या बेसवरचा क्षेत्ररक्षक उडी मारायलाही विसरला. त्याच्या डोक्यावरून चेंडू गवतात पडला आणि आमचा तिसऱ्या बेसवरचा खेळाडू चालत घरी आला.

त्यांचा व्यवस्थापक धावत आला. फलंदाजाचा पाय त्याच्या उभे राहण्याच्या चौकटीबाहेर पडला, तो बाद आहे, असे त्याचे म्हणणे. अंपायरने वाकून जमिनीकडे पाहिले. नऊ डावांच्या तुडवणीत चुन्याची रेषा केव्हाच पुसली गेली होती. “कुठली चौकट?” अंपायर म्हणाला, आणि घरी निघाला. एव्हाना कादियो माणसांच्या खांद्यांवर होता.

मी उबाल्दोच्या जागेकडे पाहिले. तो तेथे नव्हता. मी त्याला बाहेर, त्याच्या जीपजवळ गाठले.

“सामना जिंकलाय त्यानं,” मी म्हणालो. मला धाप लागली होती.

“बघितलं.”

“मग?”

“मास्तर, तुम्ही मला खुळ्यात काढू नका. मला सामना थोडाच विकत घ्यायचा होता?”

“एवढे आठवडे त्यानं चेंडू सोडलेत, तू स्वतः मोजलेस.”

“तुम्ही बाकावरून डोळे वटारून बसला होतात, म्हणून सोडले. आज समोरचा माणूस हात लांब करून सांगत होता, घे बाबा, हा तुझा बेस. तेवढंही त्याला घेववलं नाही.” त्याने जीपचे दार उघडले आणि पुन्हा लावले. “आणि हे आज टीव्हीवर दाखवतील. उद्या दाखवतील. आठवडाभर दाखवतील. मी सोमवारी फोन करायच्या आधी तिथल्या ऑफिसात सगळ्यांनी चारदा बघितलेलं असेल. हसून हसून बघतील. मग मी काय सांगू? की हा मुलगा आता धीर धरायला शिकलाय?”

उत्तर माझ्यापाशी होते, आणि तेच मला जाळत होते: तो चेंडू लागण्याजोगा होता. नेपोमुसेनोवर विसंबण्यापेक्षा कादियोने केले तेच सामन्याच्या दृष्टीने शहाणपणाचे होते. त्याला रागावायला मला जागा नव्हती, आणि उबाल्दोला खोटे पाडायलाही नव्हती.

“दुसऱ्या कुणाचं तरी नाव पाठवतो,” उबाल्दो हळू आवाजात म्हणाला. “वाईट वाटून घेऊ नका, मास्तर.” आणि तो गेला.

कादियो मला कपडे बदलायच्या खोलीत सापडला. डोक्यावर कोणीतरी बिअर ओतली होती. माझा चेहरा पाहून त्याने बाकावरचे सामान सरकवले आणि मला बसायला जागा केली.

“उबाल्दो गेला,” मी म्हणालो.

“कुठं?”

“गेला. नाव पाठवणार नाही.”

तो टॉवेलने केस पुसत होता. पुसत राहिला. “त्या एका चेंडूपायी?”

“हो.”

“मास्तर, तो लागत होता.”

“माहीत आहे मला.”

“मग मी काय करायला पाहिजे होतं?”

“काहीच नाही,” मी म्हणालो. “काहीच करायचं नव्हतं, कादियो. तेवढंच तर तुला सांगत होतो इतके दिवस.” आवाज चढला होता, खोलीतले दोघे-तिघे वळून पाहू लागले.

कादियो माझ्या शेजारी बसला. “तीन सोडले होते मी,” तो म्हणाला. “तिन्हींना हात लावला नाही.” मग दाराबाहेर ढोल पुन्हा सुरू झाला आणि कोणीतरी त्याच्या नावाने हाका मारू लागले. तो उठला. “त्यांना आज सांगू नका. आणि तुम्ही पण चला. काकांनी सांगितलंय, मास्तरांना घेतल्याशिवाय ट्रक हलणार नाही.”

मी गेलो नसतो, पण नाही म्हणायला कारण द्यावे लागले असते. वस्तीवर बकऱ्याचा रस्सा शिजत होता. त्या तळण विकणाऱ्या बाईने कढई मांडली होती आणि कोणाकडून काही घेत नव्हती. प्रत्येक जण तो चेंडू सांगत होता. आधी तो हातभर बाहेर होता. रस्सा वाढेपर्यंत तो दोन हात झाला. दुसऱ्या वाढीला तो कॅचरच्याही पलीकडे गेला होता, आणि कादियोने तेथे जाऊन तो आणला होता. कादियो मधोमध बसून जेवत होता, विचारले की मान डोलावत होता, आणि माझ्याकडे पाहत नव्हता.

एझेकिएलकाकांनी मला आपल्या खुर्चीशेजारी बसवून घेतले. त्यांनी माझ्या ताटात आपल्या हाताने मटणाचा आणखी एक तुकडा वाढला.

“मास्तर,” ते म्हणाले, “लोक म्हणतात, पोराचा हात तुम्ही बसवलात. खरं सांगा, तो शेवटचा फटका. तुम्हीच शिकवलात ना?”

सगळे ऐकायला थांबले. बाईने कढईखालचा जाळ मागे ओढला.

“नाही,” मी म्हणालो. “तो त्याचा त्याला येत होता.”